संस्थेच्या वर्षभराच्या कामाचा व्हिडिओ : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

वार्षिक अहवाल छापून होतो, त्याला ताळेबंद जोडला जातो, प्रती देणगीदारांकडे रवाना होतात, आणि त्यांतली किती पाने उलटली गेली हे संस्थेला बहुधा कधीच कळत नाही. व्हिडिओ या अहवालाची जागा घेऊ शकत नाही. लेखापरीक्षण झालेले आकडे कागदावरच असायला हवेत, कारण ते पुन्हा पुन्हा पाहून तपासायचे असतात. परंतु ज्या व्यक्तीने आपला पैसा, वेळ किंवा नुसता विश्वास संस्थेला दिला, तिला बदल घडला त्या जागी नेऊन उभे करण्याचे काम अडीच-तीन मिनिटांचा व्हिडिओ जसे करतो तसे कागदाला जमत नाही. ज्यांच्या हाती एक स्मार्टफोन, एक-दोन सहकारी आणि महिना-दीड महिन्याचा अवधी एवढेच आहे, अशा कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. अशा व्हिडिओकडे मी हिशेब देण्याचा एक प्रकार म्हणून पाहते, आणि पुढे दिलेला जवळपास प्रत्येक सल्ला याच समजुतीतून निघालेला आहे.

पहिली पायरी : कॅमेऱ्याआधी एक वाक्य

चित्रीकरणाचा विचार सुरू करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर एकाच वाक्यात लिहून काढावे : या वर्षी कोणाच्या आयुष्यात नेमके काय बदलले, आणि ते आपल्याला कशावरून कळले? हे वाक्य लिहिताना केलेले काम आणि झालेला बदल यांची गल्लत सर्वांत जास्त होते. समजा, एक संस्था मुलांसाठी वाचनवर्ग चालवते. वर्षभरात किती वर्ग झाले, किती पुस्तके वाटली, पटावर किती मुले होती, हे सारे केलेले काम झाले. वर्षाच्या सुरुवातीला अक्षरे जुळवताना अडखळणारी मुले वर्षअखेरीस अनोळखी परिच्छेद स्वतः वाचू लागली, हा झालेला बदल. आणि तो सांगायचा तर सुरुवातीला व शेवटी मुलांकडून काय वाचून घेतले, याची नोंद हाताशी असली पाहिजे. अशी नोंद नसेल तर बदलाचा दावा करू नये, केलेले काम तेवढे प्रामाणिकपणे सांगावे. बदलाचे सारे श्रेय स्वतःकडे घेण्याचा मोहही टाळावा, कारण त्या मुलांना शाळेतही कोणीतरी शिकवत असते आणि घरीही कोणीतरी शेजारी बसवून वाचून घेत असते.

येथे एक अडचण हमखास येते. संस्थेचे सहा उपक्रम असतील तर सहाही व्हिडिओत दिसावेत असा विश्वस्तांचा आणि प्रत्येक उपक्रमाच्या प्रमुखाचा आग्रह असतो, आणि तो समजण्यासारखाही असतो, कारण वर्षभर प्रत्येकजण राबलेला असतो. तरीही तीन मिनिटांत सहा उपक्रम बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते, आणि अर्ध्या मिनिटात फलक, टाळ्या व हसरे चेहरे यांपलीकडे काही दाखवता येत नाही. म्हणून एक बदल निवडावा, बाकीचे उपक्रम लेखी अहवालात सविस्तर द्यावेत, आणि पुढच्या वर्षी कोणता उपक्रम घ्यायचा हे आत्ताच ठरवून संबंधितांना सांगून ठेवावे. असे केल्याने नाराजी बरीच कमी होते.

दुसरी पायरी : माणूस आणि आकडा यांचा क्रम

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ साली काही प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत नाव आणि छायाचित्र देऊन ओळख करून दिलेल्या एका मुलीची माहिती वाचणाऱ्यांनी, लाखो लोकांच्या उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त देणगी दिली. आणि मुलीच्या माहितीला आकडेवारीची जोड दिली तेव्हा देणगी वाढण्याऐवजी घटली. निधी उभारणारे अनेकजण यावरून आकडे गाळण्याचा निष्कर्ष काढतात. मला तो या कामासाठी योग्य वाटत नाही, कारण आपण येथे नवी देणगी मिळवण्यासाठी बोलत नसून मिळालेल्या देणगीचे काय झाले ते सांगत आहोत. प्रयोगातून घेण्यासारखी गोष्ट आहे ती क्रमाची : प्रेक्षकाला आधी एका माणसाची ओळख होऊ द्यावी, आणि मग त्या माणसासारखे आणखी किती, हे सांगणारा आकडा आणावा.

आकडे दोन किंवा फार तर तीन असावेत. प्रत्येकासोबत त्याचा कालावधी आणि एकूण संख्या द्यावी, म्हणजे ‘८० मुले वाचू लागली’ असे म्हणून न थांबता ‘नाव नोंदवलेल्या ११० मुलांपैकी ८०’ असे म्हणावे. उरलेल्या ३० मुलांबद्दल प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उठेल, आणि तो उठायलाच हवा. व्यक्ती निवडतानाही सर्वांत झळाळते यश मिळवणाऱ्याकडे धाव घेऊ नये. ज्याचा अनुभव बहुतेकांच्या अनुभवाशी मिळताजुळता आहे अशी व्यक्ती शोधावी, नाहीतर दाखवलेली गोष्ट खरी असूनही तिच्यातून उभे राहणारे चित्र खोटे ठरते.

तिसरी पायरी : संमती

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तो घालवावा असा माझा आग्रह आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका व्हिडिओत एका बाईंनी आपल्या कर्जाची हकिगत मोकळेपणाने सांगितली आणि संमतीपत्रावर सहीही केली. तो व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्या नातेवाइकांच्या फोनवर पोहोचला तेव्हा त्यांना मान खाली घालावी लागली. आम्ही तो मागे घेतला, पण तोवर तो अनेकांनी पुढे पाठवलेला होता. सहीचा कागद आमच्याकडे होता. मात्र आपले बोलणे कोठवर जाऊ शकते याची कल्पना आम्ही त्यांना दिलीच नव्हती.

म्हणून कॅमेरा पिशवीतून बाहेर काढण्याआधी बसून बोलावे. व्हिडिओ कोण पाहील, तो इंटरनेटवर राहील का, ओळखीच्या माणसांपर्यंत तो पोहोचू शकतो का, हे त्या व्यक्तीच्या भाषेत सांगावे, आणि शक्य असल्यास मागच्या वर्षीचा एखादा व्हिडिओ दाखवावा, म्हणजे आपण कशाला हो म्हणत आहोत हे तिला डोळ्यांनी दिसेल. नकार दिला तरी संस्थेकडून मिळणाऱ्या मदतीत काडीचाही फरक पडणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ज्याच्याकडून मदत मिळते त्याला ‘नाही’ म्हणणे फार अवघड असते. त्यामुळे रोजची मदत जो कार्यकर्ता देतो त्यानेच संमती न मागता दुसऱ्या कोणी मागावी, आणि उत्तरासाठी एक-दोन दिवस द्यावेत. संमती लेखी घ्यावी. लिहिता-वाचता येत नसेल तर सगळे वाचून दाखवून ती आवाजात नोंदवून घ्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक आहेच, पण ती पुरेशी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम १२ मुलाला आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा, तर कलम १६ खासगीपणाच्या संरक्षणाचा हक्क देते. मूल संकोचले, आईमागे लपले, गप्प झाले, तर तोच त्याचा नकार समजावा. हिंसा, गंभीर आजार किंवा कायद्याशी संबंधित प्रकरण असेल तर ओळख मुळीच उघड करू नये. अशा वेळी नुसता चेहरा धूसर करून भागत नाही, कारण आवाज, घराचे दार, शाळेचा गणवेश किंवा मागची पाटी यांवरूनही माणूस ओळखला जातो. हातांची, कामाची, पाठमोरी दृश्ये घ्यावीत, शब्द दुसऱ्या आवाजात ध्वनिमुद्रित करावेत, आणि नाव व आवाज बदलला असल्याचे पडद्यावर लिहावे. फोनमधील मूळ फाइलमध्ये चित्रीकरणाचे ठिकाणही नोंदले जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याची ठिकाण नोंदवण्याची सोय आधी बंद करावी.

युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या नियमावलीत एक तत्त्व आहे : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. आपल्या संस्थेला ती नियमावली लागू असो वा नसो, हे तत्त्व पाळावे, आणि कोणाशी संपर्क साधायचा हे संमतीपत्राच्या प्रतीवर लिहून ती प्रत त्या व्यक्तीकडे ठेवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तयार झालेला व्हिडिओ सर्वांत आधी त्यात दिसणाऱ्या व्यक्तीला दाखवावा. विश्वस्तांचा क्रमांक त्यानंतर येतो.

चौथी पायरी : संहिता

लांबी दोन ते तीन मिनिटे ठेवावी. मराठीत सावकाश, समजेल असे वाचले तर मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात. म्हणजे अडीच मिनिटांच्या व्हिडिओत मुलाखत आणि निवेदन मिळून ३०० शब्दसुद्धा भरगच्चच वाटतील. कागदाचे दोन रकाने करावेत, डावीकडे दिसणारे दृश्य आणि उजवीकडे ऐकू येणारा आवाज. दोन्ही रकान्यांत तेच येत असेल तर निवेदनातले वाक्य काढून टाकावे. मूल वाचताना दिसत असेल तर ‘हे मूल वाचत आहे’ असे सांगण्याची गरज नसते.

सुरुवात बोधचिन्ह, स्थापनेचे वर्ष किंवा अध्यक्षांचे मनोगत यांनी करू नये. हा व्हिडिओ ज्यांना पाठवायचा आहे ते संस्थेला ओळखतात. पहिल्या दहा सेकंदांत ती व्यक्ती आणि तिची पूर्वीची अडचण दिसावी, मग काय केले, मग काय बदलले, मग ‘यांच्यासारखे आणखी इतके’, आणि पैसा मुख्यतः कशावर खर्च झाला याचे एक साधे वाक्य. संस्थेने कोणाचा तरी उद्धार केला असा सूर कोठेही लागू नये. ज्या आईने काम सांभाळून मुलीला रोज वर्गाला आणून सोडले, तिचे कष्ट संहितेत कार्यकर्त्याच्या कष्टांच्या आधी आले पाहिजेत. युरोपातील विकास संस्थांच्या कॉनकॉर्ड या महासंघाने २००६ साली चित्रे आणि संदेश यांविषयी आचारसंहिता स्वीकारली. माणसांची प्रतिष्ठा जपणे हा तिचा गाभा आहे.

जे जमले नाही त्यालाही जागा द्यावी. कॅनडातील ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने २००८ पासून आपल्या अपयशांचे स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केले. ‘चॅरिटी वॉटर’ या संस्थेचा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात विहीर खोदण्याचा प्रयत्न २०१० साली फसला, तेव्हा तिने तो फसलेला प्रयत्नच व्हिडिओतून समर्थकांना दाखवला. आपल्या व्हिडिओत यासाठी दोन वाक्ये पुरतात : काय फसले, आणि त्यानंतर आपण काय बदलले. वर उल्लेखिलेल्या ३० मुलांचा प्रश्न येथे सुटतो.

शेवट आभाराने करावा. हिशेब देतानाच त्याच श्वासात पुन्हा देणगी मागितली की सांगितलेले सगळे मागणीची प्रस्तावना वाटू लागते, असे माझे मत आहे. प्रेक्षकाला काही सांगायचेच असेल तर पूर्ण अहवाल कोठे वाचता येईल ते सांगावे.

पाचवी पायरी : चित्रीकरण

आधी आवाज, मग चित्र. थोडे थरथरणारे चित्र लोक सहन करतात. न कळणारे बोलणे मात्र क्षणात सोडून देतात. फोनमध्येच असलेला माइक दोन मीटरवरून माणसाच्या आवाजासोबत खोलीचा घुमारही टिपतो, म्हणून तारेचा साधा कॉलर माइक घ्यावा आणि तो हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावावा. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप बंद करावा. रिकामी खोली घुमते, तर पडदे, गाद्या, पुस्तके असलेली खोली आवाज शोषून घेते. सुरुवातीलाच अर्धे मिनिट मुद्रित करून हेडफोनवर ऐकावे, आणि मुलाखत संपल्यावर सर्वांनी गप्प बसून त्या जागेची शांतताही अर्धे मिनिट मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधील जोड झाकायला ती उपयोगी पडते.

फोनची लेन्स पुसावी, फोन विमान मोडवर टाकावा, ट्रायपॉडवर आडवा लावावा. चित्र १९२० × १०८० पिक्सेल असले तरी पुरते. जेथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे तेथे सेकंदाला २५ फ्रेम आणि ६० हर्ट्झ असेल तेथे ३० फ्रेम ठेवल्या तर दिव्यांची फडफड चित्रात येण्याची शक्यता कमी होते. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड स्थिर करता येतो. झूम वापरू नये, स्वतः पुढे जावे. बोलणाऱ्याला खिडकीसमोर तिरपे बसवावे, खिडकीला पाठ करून कधीच बसवू नये. फोनप्रमाणे आणि फाइलच्या प्रकाराप्रमाणे अशा चित्रीकरणाच्या एका मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते, तेव्हा निघण्यापूर्वी फोन रिकामा करून घ्यावा.

मुलाखत घेणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. ‘वर्गाचा उपयोग झाला का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘पहिल्या दिवशी वर्गात आलात तेव्हा काय झाले ते सांगा’ असे म्हटले की प्रसंग बाहेर येतो. वाक्ये पाठ करवून घेऊ नयेत. उत्तर संपल्यावर चार-पाच सेकंद काही न बोलता थांबावे. बरेचदा सर्वांत खरे वाक्य त्या थांबण्यानंतर येते. बोलता बोलता कोणाला रडू आले तर कॅमेरा बंद करावा आणि माणसाजवळ बसावे. तो प्रसंग वापरायचा की नाही, हे नंतर त्यांनीच ठरवायचे आहे.

मुलाखतीसोबत पूरक दृश्ये लागतात : हात, वह्या, वाट, दार, जागेचे दुरून दिसणारे रूप. प्रत्येक दृश्य फोन न हलवता किमान दहा सेकंद घ्यावे.

सहावी पायरी : संकलन

संकलन कागदावर सुरू होते. सगळ्या मुलाखती शब्दशः, वेळेच्या नोंदीसह उतरवून काढाव्यात, ठेवायची वाक्ये रंगवावीत, आणि मगच संगणकाला हात लावावा. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही या कामाला पुरून उरते. पहिली कच्ची जुळणी संगीताविना करावी आणि संस्थेबाहेरच्या दोन-तीन व्यक्तींना दाखवून ‘तुम्हाला काय कळले?’ एवढेच विचारावे. त्यांचे उत्तर पहिल्या पायरीवरच्या वाक्याशी जुळत नसेल तर जुळणी बदलावी. वाक्य कापताना त्याचा अर्थ फिरत नाही ना, हे मूळ मुद्रण ऐकून पाहावे.

संगीत कमी आणि बोलण्याच्या बरेच खाली असावे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापरू दिलेले संगीत वापरताना परवाना नीट वाचावा, कारण ‘फेरफार नको’ अशी अट असलेले संगीत व्हिडिओला जोडता येत नाही. चित्रासोबत ते जुळवणे हाच त्या परवान्यांत फेरफार मानला जातो. इतर परवान्यांत बहुधा श्रेय देणे बंधनकारक असते.

सबटायटल नसलेला व्हिडिओ पाठवू नये. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ती आवश्यक आहेत, आणि फोनवर आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळजण असतात. एका वेळी दोनच ओळी असाव्यात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, काळसर पट्टीवर पांढरी अक्षरे हा त्यासाठी सर्वांत सोपा उपाय आहे. देवनागरीची एक वेगळी अडचण आहे : काही संकलन-सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. युनिकोडमधील मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा मुक्त फाँट घ्यावा, सबटायटलचा मजकूर असलेली एसआरटी फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करावी, आणि ‘शिक्षिका’, ‘विद्यार्थ्यांच्या’ यांसारखे शब्द पडद्यावर नीट उमटतात का ते आधी तपासावे. पडद्यावरचे महत्त्वाचे आकडे निवेदनातही उच्चारले जावेत, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांनाही ते कळतील.

सातवी पायरी : पाठवणे आणि त्यानंतर

अंतिम फाइल एमपी४ प्रकारात, एच.२६४ या व्हिडिओ-संक्षेपाच्या पद्धतीने काढावी. यूट्यूबवर ठेवताना ‘अनलिस्टेड’ हा पर्याय निवडला तर दुवा असलेल्यांनाच व्हिडिओ दिसतो. तथापि दुवा पुढे जाऊ शकतो, हे संमतीच्या वेळी सांगितलेले असावे. देणगीदारांना दुवा एकगठ्ठा पाठवण्यापेक्षा नाव घालून लिहिलेल्या दोन ओळींसह पाठवावा. संख्या मोठी असेल तर कार्यकर्त्यांनी ती वाटून घ्यावी. किती जणांनी व्हिडिओ पाहिला यापेक्षा ते कोणत्या सेकंदाला निघून गेले, हे यूट्यूबच्या आलेखात पाहावे. बहुतेकजण एकाच ठिकाणी थांबले असतील तर पुढच्या वर्षी काय कापायचे ते तेथेच कळते. आलेल्या प्रत्येक उत्तराला उत्तर द्यावे, आणि उपस्थित झालेले प्रश्न लिहून ठेवावेत.

मूळ चित्रीकरणाच्या तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत ठेवाव्यात, आणि त्यांतली एक प्रत कार्यालयाबाहेर असावी. त्यांसोबत एक वही किंवा तक्ता हवा, ज्यात कोणती व्यक्ती कोणत्या फाइलमध्ये दिसते, तिने कशासाठी आणि किती काळासाठी संमती दिली, आणि तो व्हिडिओ कोठे कोठे ठेवलेला आहे, हे नोंदलेले असेल. कोणी संमती मागे घेतली तर या तक्त्यावरून त्याच दिवशी सगळ्या ठिकाणचा व्हिडिओ काढता येतो. याच तक्त्यात पुढच्या वर्षासाठी एक रकाना आत्ताच आखून ठेवावा आणि निवडलेल्या उपक्रमाची दोन-तीन दृश्ये दर महिन्याला घेऊन त्यात नोंदवावीत, कारण वर्षाच्या सुरुवातीचा वर्ग वर्षअखेरीस पुन्हा चित्रित करता येत नाही.